भिंत रंगवणं थांबवा

कंपन्यांकडून स्वयंसेवी संस्थांना एक पत्र जातं. कंपनी बदलते, शहर बदलतं, पण मजकूर फारसा बदलत नाही. ‘आमचे साठ सहकारी येत्या शुक्रवारी दुपारी दोन ते पाच या वेळेत आपल्या संस्थेत स्वयंसेवा करू इच्छितात. आपल्याकडे कोणते काम आहे ते कळवावे.’ माणसांचा आकडा ठरलाय, तारीख ठरलीय, वेळ ठरलीय. बस सांगून झालीय, टी-शर्टांची मापं गोळा झालीत. फक्त काम काय, एवढंच ठरायचं राहिलंय.

या पत्रात सगळंच उलटं आहे. आधी गरज, मग माणसं, मग वेळ, असा जो क्रम कुठल्याही शहाण्या कामाचा असतो, तो इथे शेपटाकडून सुरू होतो. आणि या उलट्या क्रमाला आपण ‘भागीदारी’ म्हणतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. हिंजवडीपासून खराडीपर्यंत बसलेल्या माझ्यासारख्या हजारो लोकांच्या नावानं ही पत्रं जातात. म्हणून सांगते, हा प्रकार सध्या ज्या रूपात चालतो, त्या रूपात तो थांबला पाहिजे. मदत बंद व्हावी असं मला वाटत नाही. मदत घेण्याचा खर्च संस्थेच्या माथी मारणं बंद व्हावं.

संस्थेच्या बाजूनं हा शुक्रवार कसा दिसतो ते पाहू. समजा, वस्तीत अभ्यासिका चालवणारी एक छोटी संस्था आहे. पगारी माणसं पाच. पत्र आलं की त्यातली एक ताई आठवडाभर याच कामाला जुंपली जाते. साठ जणांना पुरेल असं काम शोधायचं. अभ्यासिकेत मावतात वीस, मग उरलेल्या चाळीस जणांचं काय करायचं? रंग, ब्रश, पॉलिश पेपर यांची यादी करायची. साठ माणसांचा चहा. साठ माणसांना पुरेल असं स्वच्छतागृह. बस गल्लीत शिरत नाही, म्हणून वस्तीच्या तोंडाशी कुणीतरी उभं राहायचं. आधी कंपनीबरोबर दोन मीटिंगा, नंतर फोटो आणि अहवाल. एवढं करून भिंतीला जो रंग लागतो, तो वस्तीतल्याच एखाद्या पेंटरनं दोन दिवसांत, कमी रंगात आणि ओघळ न येऊ देता लावला असता. त्याला दोन दिवसांची मजुरीही मिळाली असती. शनिवारी ताई फरशीवरचे डाग खरवडत बसते. शुक्रवारी मुलांचा अभ्यास बुडाला, त्याची नोंद कुठेच होत नाही. कंपनीच्या अहवालात मात्र साठ गुणिले तीन, म्हणजे १८० मनुष्यतासांची ‘सेवा’ जमा होते.

गंमत अशी, की हा हिशोब चुकीचा आहे हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांइतकं कुणालाच कळायला नको. फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडलेला नियम आमच्या धंद्यात सगळ्यांना तोंडपाठ असतो: उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकली, की त्याला आणखी उशीर होतो. कारण नव्या माणसाला काम समजावून देण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो. नवा इंजिनिअर टीममध्ये आला की पहिले दोन-तीन महिने तो उपयोगापेक्षा खर्चच जास्त, हे प्रत्येक मॅनेजर गृहीत धरतो आणि त्याची तरतूद करतो. उद्या कुणी सांगितलं, की साठ अनोळखी लोक शुक्रवारी दुपारी तीन तासांसाठी तुमच्या कोडमध्ये हात घालायला येताहेत, त्यांना काम द्या, चहा द्या आणि शेवटी आभाराचं पत्र द्या, तर आम्ही त्याला वेड्यात काढू. मग वस्तीतल्या मुलांचं शिक्षण, वृद्धांची देखभाल, व्यसनमुक्ती ही कामं आमच्या कोडपेक्षा सोपी आहेत, असं आम्ही कशाच्या आधारावर धरून चालतो?

यावर ‘कायद्यामुळे करावं लागतं’ असं एक उत्तर हमखास येतं. ते खरं नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. खर्च करायचे, म्हणजे पैसे. कर्मचाऱ्यांना या कामात जरूर सामील करून घ्या, पण त्यांच्या विनामोबदला सेवेची किंमत लावून ती या खर्चात धरता येणार नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयानं २०१६ च्या खुलाशात स्पष्ट सांगितलं आहे. मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रमही त्यात बसत नाहीत, हे तर २०१४ च्या परिपत्रकातच आहे. थोडक्यात, शुक्रवारची भिंत रंगवून दोन टक्क्यांतला एक रुपयासुद्धा कमी होत नाही.

मग कंपन्या हे का करतात? कारण उपयोग आहे, पण तो मनुष्यबळ विभागाला. नव्या मुलांना भरती करताना दाखवायला फोटो मिळतात. वेगवेगळ्या टीममधली माणसं एकमेकांशी बोलतात. वार्षिक अहवालात एक रंगीत पान होतं. यात वाईट काहीच नाही. टीमची सहल काढावी, लोणावळ्याला जावं, जेवावं, अंताक्षरी खेळावी. फक्त त्या सहलीचं यजमानपद एका पाच माणसांच्या संस्थेला फुकटात देऊ नये. लोणावळ्याचा रिसॉर्टवाला माणशी दर लावतो, आणि कंपनी तो कुरकुर न करता भरते. संस्थेला मात्र आपण वर धन्यवाद म्हणायला लावतो.

पैशाच्या बाजूनंही संस्थेची कोंडी होते. २०२१ च्या सुधारित नियमांत प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे. ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चाला आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाला ती लागू होत नाही. व्यवहारात मात्र अनेकदा हाच पाचाचा आकडा संस्थेच्या अंदाजपत्रकाला चिकटवला जातो. मुलांच्या वह्यांना पैसे मिळतात, वह्या वाटणाऱ्या ताईच्या पगाराला मिळत नाहीत. म्हणजे ज्या ताईच्या पगाराला आपण ‘ओव्हरहेड’ म्हणून कात्री लावली, तिच्याच आठवड्यावर आपला शुक्रवार उभा राहतो.

‘काहीच न करण्यापेक्षा हे बरं’ हा दुसरा बचाव. तो तेव्हाच खरा, जेव्हा या करण्यानं कुणाचं नुकसान होत नसेल. बालगृहांच्या भेटी बघा. केक, फुगे, दोन तास खेळ, गळ्यात पडणारी मुलं, आणि संध्याकाळी लिंक्डइनवर फोटो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ सांगतं, की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र माध्यमांत प्रसिद्ध करायचं नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बसमध्ये बसण्यापूर्वी हे किती कंपन्या आपल्या माणसांना सांगतात? आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या मुलाला आयुष्यात माणसं सोडूनच गेलीत, त्याच्या आयुष्यात दर महिन्याला नवे तीस काका-मावशी आणून पाच वाजता परत नेणं, याला मदत कसं म्हणायचं?

झाडांचंही तेच. जुलै उजाडला की बसगाड्या टेकड्यांकडे निघतात. खड्डे आधीच कुणीतरी मजुरांकडून खणून ठेवलेले असतात, आपण रोप ठेवतो, माती लोटतो, फोटो काढतो. रोप लावणं हा झाडाच्या आयुष्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे, जेव्हा टेकडीवर पाणी चढवावं लागतं, वणवा अडवावा लागतो, गुरं राखावी लागतात. मार्चमध्ये टी-शर्ट घालून कॅन वाहायला कुणाची बस जात नाही. त्यातून जागा निवडताना चूक झाली, तर झाड जगणंही घातकच. सासवड-बारामतीकडची माळरानं आपल्याला ओसाड दिसतात, पण लांडगा, चिंकारा, धाविक पक्षी यांचं ते घर आहे. गवताळ रानात झाडांची दाटी करणं म्हणजे त्यांना घराबाहेर काढणं. पण सहाशे रोपांचा आकडा अहवालात शोभतो. ‘यंदा आम्ही या माळावर काहीही लावलं नाही’ हे वाक्य शोभत नाही.

तिसरा बचाव जास्त गंभीर आहे: ‘यातून माणसं बदलतात. एसीत बसणाऱ्याला वस्ती दिसते, त्यातला एखादा पुढे खरंच कामाला लागतो.’ असे लोक असतात, मला मान्य आहे. पण माणूस घडवणं हाच हेतू असेल, तर तो उघड सांगावा आणि त्याची किंमत मोजावी. या महाराष्ट्रात त्याची परंपरा आहे. बाबा आमट्यांनी साठच्या दशकात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. तिचं नावच सांगतं, की संस्कार येणाऱ्या तरुणावर होणार आहे. भर उन्हाळ्यात, स्वतःच्या खर्चानं जायचं, पहाटे उठून कुदळ चालवायची, छावणीच्या वेळापत्रकात आणि शिस्तीत राहायचं. आपण तिथल्या लोकांवर उपकार करायला आलोय, असा आव कुणी आणू शकत नाही. शुक्रवारच्या तीन तासांत येणारा पाहुणा संस्थेच्या वेळापत्रकात शिरत नाही, संस्थाच त्याच्या वेळापत्रकात शिरते. त्यानं काय बदलायचं?

आणि ‘संस्थाच तर हो म्हणतात’ या चौथ्या बचावाबद्दल तर बोलायलाच नको. पत्र पाठवणारी कंपनी पुढच्या वर्षीचं अनुदान ठरवणारीही असते. अशा वेळी येणाऱ्या ‘हो’ला संमती म्हणण्यापूर्वी थोडा विचार करावा. घरमालकानं ‘रविवारी जेवायला येऊ का?’ विचारलं, तर भाडेकरू काय उत्तर देतो, हे पुण्यात भाड्यानं राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

आता, एका दिवसाची सेवा कधीच उपयोगी नसते असं मी म्हणत नाही. रक्तदान घ्या. माणूस येतो, अर्धा तास देतो, जातो, आणि कुणाचा तरी जीव वाचतो. हे शक्य होतं, कारण दान घेण्याची यंत्रणा आधीच पगारावर उभी आहे: रक्तपेढी, डॉक्टर, तंत्रज्ञ, तपासण्या, शीतपेट्या. त्या यंत्रणेचा खर्च दात्याला दिसत नाही, पण कुणीतरी तो करतो. आणि तिथेही देणाऱ्याचं कॅलेंडर आडवं येतंच. साठवलेलं रक्त साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतं. नेत्यांच्या वाढदिवसाला आणि कंपन्यांच्या स्थापनादिनाला शिबिरांची रांग लागते, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद झाली की रक्तपेढ्यांना टंचाई जाणवते. स्थापनादिन सोडून मेमध्ये शिबिर घ्या, एवढं साधं बोलणं रक्तपेढीला कंपनीशी करता आलं पाहिजे. भागीदारी याला म्हणतात.

दुसरं उदाहरण आमच्या धंद्याच्या जवळचं. अंध विद्यार्थ्यांसाठी काही करू म्हटलं की सगळ्यांना आधी लेखनिक व्हायचं असतं. पण अनेक परीक्षांना नियम असा, की लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी हवं. इंजिनिअर झालेला माणूस दहावीच्या मुलाचा पेपर लिहूच शकत नाही. त्याचा उपयोग परीक्षेच्या कितीतरी महिने आधी आहे. मराठीतला ढीगभर मजकूर अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत अडकून पडलाय. डोळ्यांना तो मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर तो वाचायला गेला की कानावर नुसता गोंधळ येतो. तो मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, जोडाक्षरं तपासायची, गणिताची सूत्रं ऐकून कळतील अशी लिहायची, नकाशे आणि आकृत्या शब्दांत सांगायच्या. हे कंटाळवाणं काम आहे. फोटो निघत नाही. एका पुस्तकाला कितीतरी संध्याकाळी लागतात, आणि शेवटी एखाद्या अंध वाचकानं तपासून ‘हे वाचता येतं’ म्हणावं लागतं. पण ते आम्हाला येतं, आणि घरी बसून करता येतं. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात अशी पुस्तकं जाऊ शकतात.

म्हणजे ‘कौशल्याधारित स्वयंसेवा’ म्हटलं की प्रश्न सुटला, असंही नाही. तिथली भिंत वेगळी असते, तिचं नाव ॲप. चोवीस तासांच्या हॅकेथॉनमध्ये संस्थेसाठी ॲप बनतं, बक्षीस मिळतं, टाळ्या होतात. सहा महिन्यांनी अँड्रॉइडची नवी आवृत्ती येते आणि ॲप उघडेनासं होतं. सर्व्हर ज्याच्या कार्डावर घेतला होता, तो बंगळुरूला गेलेला असतो. डोमेनचं नूतनीकरण राहून जातं. पासवर्ड कुणाकडेच नसतो. तोवर संस्थेनं मात्र जुनं रजिस्टर बंद करून टाकलेलं असतं. आमच्या कंपन्यांत देखभालीचा करार नसलेली साधी प्रणालीसुद्धा ग्राहकाकडून विकत घेतली जाणार नाही. फुकट दिली म्हणून देखभालीची जबाबदारी संपते का? बऱ्याच संस्थांना ॲप नकोच असतं. एका माणसानं चार शनिवार बसून त्यांची एक्सेलची फाइल नीट लावून द्यावी आणि ताईला ती वापरायला शिकवावी, एवढंच हवं असतं.

हे वेगळ्या पद्धतीनं करता येतं. टाटा समूहाचा ‘प्रोएंगेज’ हा कार्यक्रम त्याचं एक उदाहरण. तिथे संस्था आधी प्रकल्प मांडते, कर्मचारी त्यासाठी अर्ज करतो, आणि काम काही महिने सुट्टीच्या वेळात चालतं. क्रम सरळ आहे: गरज, माणूस, वेळ. हा क्रम पाळायला टाटांएवढं मोठं असावं लागत नाही. त्यासाठी माझ्या मते चार अटी पुरेशा आहेत.

पहिली, काम संस्थेनं लिहायचं, आणि ‘सध्या काही नको’ म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क असावा. त्यासाठी अनुदान ठरवणारा माणूस आणि स्वयंसेवकांची व्यवस्था बघणारा माणूस वेगळा हवा, आणि नकाराचा अनुदानावर परिणाम होणार नाही हे करारात लिहिलेलं हवं.

दुसरी, यजमानपणाचा खर्च कंपनीनं द्यायचा. माणशी दर लावा, किंवा त्याहून बरं म्हणजे स्वयंसेवकांचं काम बघणाऱ्या माणसाचा वर्षाचा पगार द्या. हातांबरोबर पैसे आले नाहीत, तर ते हात म्हणजे संस्थेवरचं ओझं.

तिसरी, माणसं कमी आणि काळ जास्त. साठ माणसं तीन तास, हे १८० तास होतात. तीन माणसं आठवड्याला दोन तास अशी तीस आठवडे आली, तरी १८० तासच होतात. पण तिसाव्या आठवड्यात त्या तिघांना मुलांची नावं माहीत असतात, आणि मुलांना त्यांची. ते दोन तास कंपनीनं कामाच्या वेळेतून द्यावेत. एरवी रात्री दहाला अमेरिकेशी कॉल करणाऱ्या माणसाच्या शनिवारातून ते काढायचे, तर दान कर्मचाऱ्याचं आणि नाव कंपनीचं.

चौथी, निघण्याचा दिवस पहिल्याच दिवशी ठरवायचा. आपण गेल्यावर हे काम कोण बघणार, पासवर्ड कुणाकडे, पाणी कोण घालणार, याची उत्तरं नसतील तर ते काम सुरूच करू नये.

या अटी घातल्या तर स्वयंसेवकांचा आकडा कोसळेल, हे मला माहीत आहे. पाच हजारांच्या जागी दोनशे होतील. अहवालातलं रंगीत पान जाईल. काही संस्था आजच्या गर्दीला सरावल्या आहेत, त्यांना सुरुवातीला हे खटकेलही. तरीही ते दोनशे मला चालतील, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाची कुणीतरी वाट बघत असेल.

कंपन्या हे आपणहून बदलतील अशी माझी अपेक्षा नाही. पण ज्यांच्या नावानं हे चालतं, ते आपण आहोत. आणि कर्मचाऱ्यांचा प्रतिसाद हीच या कार्यक्रमांची मोजपट्टी असल्यामुळे त्यात आपलं थोडंफार चालतं. पुढच्या वेळी नोंदणीची लिंक आली, की टी-शर्टचं माप भरण्याआधी उलट उत्तर पाठवून एकच प्रश्न विचारा, सगळ्यांना दिसेल असा: हे काम कुणी मागितलंय? उत्तरात संस्थेतल्या एखाद्या माणसाचं नाव आणि त्याची नेमकी गरज आली, तर जरूर जा. नाही आली, तर त्या शुक्रवारी ऑफिसात बसून आपलं काम करा, आणि बसचं भाडं संस्थेला पाठवून द्या असं कंपनीला सांगा.